दोघांच्या नावावरची गाडी

धाकट्याने साठी ओलांडली होती, त्याला नातवंडं झाली होती, तरी घरात सगळे त्याला धाकटाच म्हणत. मोठा भाऊ होता तोवर हे ठीक होतं. दादा गेला, त्यानंतरही नाव बदललं नाही. बदलायचं कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि त्याला स्वतःला काही म्हटलं तरी चाललं असतं.

धाकट्याने उभा जन्म शहरातली बस चालवली होती. दादा शीतगृहात मेकॅनिक होता, कॉम्प्रेसर आणि पंप यांच्या संगतीत त्याचे केस पांढरे झाले. धाकटा निवृत्त झाला त्या वर्षी दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून एक जुनं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेतलं. कागदावर दोघांची नावं. एकाने चालवायचं, दुसऱ्याने दुरुस्त करायचं, आणि दोघी जावांनी मागे बसून खिडकीतून जग बघायचं, असा बेत होता. धाकट्याच्या बायकोने पहिल्या सहा महिन्यांतच गाडीचं नाव हत्ती ठेवलं.

"दारात बांधायला जागा नाही आणि पोसायचा मात्र दोन घरांनी," ती म्हणायची.

ती काही खोटं बोलत नव्हती. शहराबाहेर एका कुंपण घातलेल्या आवारात गाडी उभी करायला दर महिन्याला भाडं द्यावं लागे. विमा होता, कर होता. टायरवरची नक्षी कोरी करकरीत दिसायची, पण टायर वयानेही म्हातारे होतात, नुसते उभ्या उभ्या. ते बदलावे लागले. इंजिनाची एक बॅटरी आणि आतल्या घराच्या दोन, त्याही आळीपाळीने मान टाकायच्या. गाडी वर्षातून दोनतीनदा बाहेर पडायची, आणि परतल्यावर दादा दोन रविवार तिच्या पोटाखाली आडवा झोपून असायचा. धाकटा बाजूला उभा राहून पाना दे, कापड दे, एवढं करायचा. यंत्रातलं त्याला काही कळत नसे. बसच्या डेपोत ते काम दुसऱ्यांचं होतं.

निवृत्तीनंतरही शीतगृहाने दादाला ठेवून घेतलं होतं, आणि तो कामावरच गेला. दुपारी जेवायला बसला, डबा उघडला, भिंतीला पाठ टेकली आणि तसाच राहिला. बाकी सगळं धाकट्याने निस्तरलं. हॉस्पिटलचे कागद, निवृत्तिवेतन वहिनींच्या नावावर करणं, विजेचं बिल, बँक. तो एकदाही रडला नाही. लोक म्हणाले, घट्ट माणूस आहे. त्याला मात्र वाटत होतं की दात काढण्याआधी डॉक्टर सुई टोचतात आणि अर्धा गाल परका होतो, तसं आपलं सगळ्या अंगाचं झालंय, आणि पुढचं काम करायचं डॉक्टर विसरूनच गेलेत. तो वेळेवर उठे, वेळेवर जेवे. भाजीत मीठ नाही हे बायकोने सांगितल्यावर त्याला कळे.

असे काही महिने गेल्यावर आवाराच्या मालकाचा फोन आला.

"तुमची गाडी एका अंगाला कललीय," तो म्हणाला. "टायर बसलाय. शेजारी ज्याची बोट आहे तो म्हणतो, उद्या माझ्यावर आडवी होईल. बघून जा एकदा."

धाकटा गेला. गाडी खरंच कलली होती, एका पायावर भार देऊन उभ्या राहिलेल्या माणसासारखी. दार उघडल्याबरोबर कोंदट वास आला. दिव्याचं बटण दाबलं, दिवा लागला नाही. त्याने खिडक्यांचे पडदे सारले. कपाटाच्या आत काळे ठिपके पडले होते, गाद्यांना बुरशीची पांढुरकी साय आली होती. मागच्या पलंगावर, जिथे छत आणि भिंत मिळतात त्या कोपऱ्यात भिंतीचा कागद फुगला होता. त्याने तिथे अंगठा दाबला. अंगठा पेरापर्यंत आत गेला, भिजलेल्या पावात जावा तसा.

त्याने तो बाहेर काढला, पँटला पुसला आणि पलंगाच्या कडेवर बसला. या क्षणी काहीतरी वाटायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. काय वाटतंय ते बघायला तो थोडा वेळ थांबलासुद्धा. मग उठून पंप मागायला मालकाच्या खोलीकडे गेला.

त्या आठवड्यात एक बॉडीवाला येऊन गाडी बघून गेला. शिडी लावून तो छतावर चढला, खाली उतरला, आतल्या भिंतींवर बोटाच्या पेरांनी टकटक करत फिरला. चांगल्या जागी आवाज टणक यायचा आणि मागच्या कोपऱ्यात येतच नव्हता.

"छताचा सांधा उघडलाय," तो म्हणाला. "वर्षाकाठी ते भरून घ्यावं लागतं. यंदा भरलं नाही का?"

"भरणारा गेला," धाकटा म्हणाला.

"अच्छा. तर पाणी आत शिरलंय, लाकडाचा सांगाडा कुजलाय. भिंत पूर्ण उघडावी लागेल. उघडल्यावर आत काय निघतंय ते तेव्हाच कळेल." मग त्याने अंदाजे आकडा सांगितला.

धाकट्याने घरी येऊन तो आकडा बायकोला सांगितला. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"एवढ्यात आपल्या घराचं छप्पर बदलून होईल," ती म्हणाली.

"आपल्याला छप्पर कुठंय? वर तिसऱ्या मजल्यावरचे लोक राहतात."

"मग बघ. जे आपल्याला नाही तेसुद्धा एवढ्यात होईल." ती पुन्हा चिरायला लागली. जरा वेळाने तिने सूर खाली आणला. "विकून टाक रे. मी आधी म्हणत नव्हते, दादा होते म्हणून. आता कुणासाठी ठेवायची?"

विकायची तर वहिनींना विचारायला हवं होतं. दादाचा निम्मा वाटा आता त्यांचा होता. वहिनी एकट्याच राहत, मुलगी दूर नोकरीला होती. त्यांच्याकडे जाताना धाकट्याने जिन्यात दोनदा वाक्य जुळवलं. त्याला वाटत होतं, त्या रडतील, आणि आपण पुन्हा तसेच कोरडे बसून राहू.

वहिनींनी चहा ठेवला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "विका की."

"दादाची आठवण म्हणून तुम्हाला वाटत असेल तर..."

"भावजी, आठवणीला टायर लागत नाहीत. विका."

गिऱ्हाईक मिळालं ते एका दिवसाच्या अंतरावर. जनावरांची डॉक्टरीण आणि तिचा नवरा, जो पोहायला शिकवत असे. ओल आहे हे धाकट्याने फोनवरच सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, लाकूडकाम नवऱ्याला येतं, ते आम्ही बघू. पण बाकी सगळं चालू हवं, आणि गाडी इथवर चालत आली पाहिजे. आम्हाला दवाखाना सोडून येता येत नाही.

बाकी सगळं म्हणजे काय काय, हे धाकट्याला आवारात उभं राहिल्यावर उमगलं. पाण्याचा पंप बंद. फ्रीज बंद. गॅसची शेगडी पेटत नव्हती. तो पानांची पेटी उघडून नुसता बघत राहिला. दुसऱ्या रविवारी बघतो तर वहिनी बसने आल्या होत्या, दादाचा जुना निळा डगला अंगावर, बाह्या दुमडलेल्या.

"तुम्ही कशाला आलात? इथे सगळी घाण आहे."

"सात वर्षं ह्यांच्यासाठी गाडीखाली टॉर्च कोण धरत होतं?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही दोन वाजले की चहा प्यायला पळायचा. सरका जरा."

त्या दिवशी आणि पुढच्या रविवारी त्यांनी मिळून काम केलं. घराच्या बॅटऱ्या नव्या घातल्या, त्याला इलाज नव्हता. पंपाचा फ्यूज दादाने चमच्यांच्या खणामागे बसवला होता, वहिनींनी हात घालून न बघता काढला. गॅसच्या रबरी नळीची मुदत संपली होती, ती बदलली. फ्रीज चालू होऊनही गार होईना. वहिनींनी ओट्यावर पाणसळ ठेवली, आतला बुडबुडा एका टोकाला पळाला.

"गाडी सपाट उभी नसेल तर हा फ्रीज रुसतो," त्या म्हणाल्या. "उजव्या चाकाखाली फळी घाला."

धाकट्याने फळीवर गाडी चढवली. संध्याकाळी फ्रीजमध्ये हात घातला तर आतली भिंत गार लागली. वहिनींनी नखातली काजळी काढली आणि बसची वेळ विचारली. काम करताना धाकट्याला बरं वाटत होतं असं नाही, पण हात चालू असले की आतलं रिकामपण त्याला मोजावं लागत नव्हतं.

निघाले ते तिघंही. बायकोचे गुडघे दुखत होते, पण ती म्हणाली, हत्तीला निरोप द्यायला मी पाहिजेच, सगळ्यात जास्त शिव्या मीच दिल्यात. धाकटा चालवायला बसला. बसपेक्षा ही लहान, तरी मागे कपाटं खडखडतात, बशा एकमेकींवर वाजतात. घर पाठीवर घेऊन चालल्यासारखं वाटतं. चढावर गाडी दम खायची. तो गियर बदलत राहिला. शेजारच्या सीटवर पूर्वी दादा बसून नकाशा बघायचा आणि चुकीच्या वळणावर नेमका गप्प असायचा. आता तिथे पाण्याच्या बाटल्या ठेवल्या होत्या.

मुक्कामाला ते एका तळ्याकाठच्या तळावर थांबले. तिथे एका रात्रीचं भाडं एवढं झालं होतं की बायको म्हणाली, यात पलंग असलेली खोली मिळाली असती. ऊन अजून होतं. ती टॉवेल घेऊन तळावरच्या न्हाणीघराकडे गेली. गाडीतल्या न्हाणीवर तिने सात वर्षांत एकदाही विश्वास टाकला नव्हता. धाकट्याने संडासाची टाकी बाजूच्या झडपेतून ओढून काढली. उद्या गाडी दुसऱ्याची होणार होती, टाकी स्वच्छ द्यायला हवी. तो ती चाकांवर ढकलत ओतायच्या जागेकडे निघाला. वहिनी औषधाची बाटली आणि हातमोजे घेऊन मागोमाग आल्या.

"हे काम नेहमी दादा करायचा," धाकटा नाक दुसरीकडे करून म्हणाला.

"धाकटा ड्रायव्हर आणि मी सफाईवाला, असं म्हणायचे हे."

"हौस होती त्याला. म्हणून तर मी काही बोललो नाही कधी."

"कशाला काही बोलायचं होतं?"

धाकट्याने टाकी पालथी धरली होती. ती रिकामी होईपर्यंत तो थांबला. मग सांगून टाकलं. आता सांगून काही बिघडणार नव्हतं. "मला ही गाडी दोनतीन वर्षांतच नकोशी झाली होती, वहिनी. आयुष्यभर स्टिअरिंग धरलं, निवृत्त होऊन पुन्हा तेच. पण दादा इतका जीव लावून दुरुस्त करायचा. त्याला दुसरं होतं काय? मी सोडली असती तर तो एकटा पडला असता."

वहिनींनी नळ सोडला, टाकीत पाणी भरू दिलं. त्या बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज होता तसाच होता.

"ह्यांनाही नकोच होती."

"काय?"

"शीतगृहात सहा दिवस पंप, सातव्या दिवशी हत्तीचा पंप. मागच्या हंगामात ह्यांनी तो कोपरा बघितला होता, ओलीचा. मला म्हणाले, एवढं निमित्त पुरे आहे, काढून टाकू या. मग म्हणाले, नको, धाकटा मोडून पडेल. बस सुटल्यापासून त्याला चालवायला एवढी एकच गोष्ट आहे. वरून सांधा भरला आणि गप्प बसले. तुम्हाला सांगू नको म्हणाले."

धाकटा उभाच राहिला. पाणी टाकीतून वर येऊन त्याच्या बुटावर सांडलं, तेव्हा वहिनींनी नळ बंद केला.

"म्हणजे दोघांनाही नको होती," तो म्हणाला.

"दोघांनाही."

"आणि सात वर्षं..."

"हो."

तळ्यात कुणाची तरी मुलं पोहत होती. धाकट्याला वाटलं, आता आपल्याला हसू येईल, नाहीतर रडू येईल. दोन्ही आलं नाही. त्याने टाकी खळाळली, पुन्हा पालथी केली.

"मग तुम्ही का नाही सांगितलं मला? दादा गेल्यावर तरी?"

"मला आवडायची," वहिनी म्हणाल्या.

"कोण?"

"गाडी. सकाळी दार उघडलं की दर वेळी वेगळंच काहीतरी समोर असायचं. मला आवडायचं ते. पण मला कुणी विचारलं नाही. तुम्ही दोघं एकमेकांसाठी एवढे झिजत होता, मी म्हटलं, झिजू देत, माझी हौस भागतेय. आता एकटीला ती पोसवणार नव्हती, म्हणून विका म्हटलं." त्यांनी औषध टोपणात मोजून टाकीत ओतलं. "चला. झाकण नीट लावा, नाहीतर गाडीभर वास सुटेल."

रात्री अंथरुणात धाकट्याने बायकोला हळू आवाजात सांगितलं की दादालाही गाडी नको होती. ती त्याच्याकडे कुशीवर वळली.

"त्या पैशात गुडघे झाले असते माझे," ती म्हणाली. मग त्याच्या छातीवर हात ठेवला, आणि तो तिथेच ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरिणीने गाडीभोवती चक्कर मारली, खाली वाकून बघितलं, टायर दाबले. तिचा नवरा आत शिरला. वहिनींनी त्यांना पंप दाखवला, चमच्यांच्या खणामागचा फ्यूज दाखवला, पाणसळ आणि फळी दाखवली. मग स्वतःहून मागच्या पलंगावर चढून कोपऱ्यातला कागद सोलून खालचं कुजलेलं लाकूड उघडं केलं. बायकोने धाकट्याला कोपराने ढोसलं.

"फोनवर म्हणालात त्यापेक्षा जास्त आहे," डॉक्टरीण म्हणाली.

"जास्तच आहे," वहिनी म्हणाल्या. "पाऊस लागायच्या आत भिंत उघडा. आणि छताचे सांधे दर वर्षी भरा. नाही भरले तर असं होतं."

किंमत बरीच खाली आली. धाकटा एका वाक्यात तयार झाला. कागदावर त्याने सही केली, दादाच्या जागी वहिनींनी केली. किल्ली देताना त्याला वाटलं होतं तेवढी ती जड नव्हती. परतायला बस होती. वहिनींनी गाडीतून फक्त निळा डगला काढून घेतला होता, तो त्यांनी घडी करून मांडीवर ठेवला.

बसमध्ये धाकट्याला पुढची जागा मिळाली. ड्रायव्हर तरुण होता, वळणावर वेग उशिरा कमी करायचा. दर वळणाला धाकट्याचा उजवा पाय खाली दाबला जायचा, जिथे काहीही नव्हतं तिथे. बायकोने ते बघितलं आणि त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तरी पाय थांबला नाही.

मग दिवस जसे जातात तसे गेले. रविवार मोकळे झाले. धाकटा सकाळी उठून कपडे घालायचा आणि कुठे जायचं नाही हे बूट घातल्यावर त्याच्या लक्षात यायचं. गाडीचे पैसे निम्मे निम्मे झाले. बायकोच्या गुडघ्यांसाठी दवाखान्यात नाव घातलं.

इकडे वहिनींचा फोन वाजू लागला. आधी डॉक्टरिणीचा नवरा विचारायचा, फ्रीज बंद पडला, काय करू? सपाट उभी आहे का बघा. मग भिंत उघडल्यावर आतल्या तारांचे फोटो त्याने पाठवले. कुठली तार कशाची ते वहिनी सांगत. मग डॉक्टरीणच संध्याकाळी फोन करायची, कधी गाडीबद्दल, कधी आजारी बैलाबद्दल. भिंत नवी झाली. पहिल्या मोठ्या प्रवासाला निघायचं ठरलं तेव्हा ती वहिनींना म्हणाली, तुम्ही चला ना बरोबर. आम्हाला यातलं काही कळत नाही, वाटेत बंद पडली तर आम्ही रस्त्यावर बसू. जेवणखाण, भाडं, सगळं आमच्याकडे.

वहिनींनी हे जावेला सांगितलं तेव्हा जाऊ हसत सुटली. "ताई, म्हणजे हत्ती त्यांचा, चारा त्यांचा, आणि अंबारीत तुम्ही?"

"पुढच्या सीटवर बसायला सांगितलंय," वहिनी म्हणाल्या. त्यांनी नवे बूट घेतले होते.

निघायच्या दिवशी धाकटा त्यांची बॅग घेऊन बसथांब्यावर गेला. फ्लॅटच्या किल्ल्या त्यांनी त्याच्याकडे दिल्या, कुंड्यांना पाणी घालायला सांगितलं. तो एक दिवसाआड जाऊन पाणी घालू लागला. पाणी घालून झाल्यावर दादाच्या खुर्चीवर न बसता शेजारच्या खुर्चीवर थोडा वेळ बसायचा, आणि दार ओढून घेऊन यायचा.

एकदा तो तिथे असतानाच वहिनींचा फोन आला. मागे वारा भणभणत होता.

"भावजी, चढावर दुसऱ्या गियरमध्ये घेतली की गाडी मागून ओरडते. पूर्वी ओरडायची का?"

"थंड असताना ओरडते. थोडी तापली की गप्प होते. त्यांना म्हणावं, सुरुवातीला घाई करू नका."

"सांगते." त्या थांबल्या. "तुम्ही कसे आहात?"

"बरा आहे," तो म्हणाला. हे उत्तर त्याच्या तोंडात तयारच असे. वहिनींनी फोन ठेवला नव्हता, वारा अजून ऐकू येत होता. "नाही हो वहिनी," तो म्हणाला, "काही वाटतच नाही मला. दादा गेला त्या दिवसापासून. कशाचंच काही वाटत नाही."

"माझंही तेच आहे," वहिनी म्हणाल्या. "इथे समोर केवढा मोठा डोंगर आहे. छान आहे. मी बघते आणि म्हणते, छान आहे. तेवढंच."

"मग?"

"मग काही नाही. उद्या दुसरं काहीतरी असेल, ते बघेन. तुम्ही जेवलात का?"

"जाऊन जेवणार आहे."

"जा मग. उद्या फोन करते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळभर धाकट्याने फोन जवळ ठेवला. तो आला नाही. वहिनींचा फोन आला त्याच्या पुढच्या दिवशी, ताटावर बसताना. डोंगरावर फोनला रेंज नव्हती, म्हणाल्या. गाडीचं ओरडणं त्याने सांगितलं तसंच थांबलं होतं. धाकट्याने ते ऐकलं, बायकोला सांगितलं, आणि घास तोंडात घातल्यावर म्हणाला, "मीठ कमी आहे."

बायकोने उठून मिठाची वाटी त्याच्यापुढे ठेवली.